एलादियो आणि सकाळचे अकरा अर्ज

एलादियो ओकाम्पोसला आमच्या कचेरीत सगळे ‘इंजिनिअर’ म्हणायचे आणि त्याला ते मुळीच खपायचं नाही. कॉलेज त्याने दुसऱ्याच वर्षी सोडलं होतं. “इंजिनिअर म्हणू नका हो, न्या आब्दोना,” तो मला मानाने ‘न्या’ लावून म्हणायचा. “मी झाडूवाला. तुम्ही दिवसभर कचरा करायचा, मी झाडायचा.”

“कचरा कसला रे? माणसांची नावं टाइप करतो आम्ही,” मी म्हणायची.

“एकच नाव सात तऱ्हांनी लिहिता. कचराच तो.”

असं बोलायचा आणि मग संध्याकाळी जाताना माझ्या टेबलावर रुमालात गुंडाळलेला एक गरम चिपा, चीजचा पाव, ठेवून जायचा. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. मला मोठी बहीण समजायचा की काय कोण जाणे. मी कधी विचारलं नाही, कारण बहिणीचा विषय त्याच्यापुढे काढायचा नसे.

आमची कचेरी म्हणजे पारागुआइत, विल्यारिकातल्या एका जुन्या शाळेच्या दोन खोल्या. नाव ‘जाहेका’, म्हणजे शोधू या. काय शोधायचं? आमच्याकडे खेड्यातली बाई आपली पोर शहरातल्या कुणा बाईकडे ‘वाढवायला’ देते. पोर शिकेल, बूट घालेल, चार माणसांत बसेल, असं तिला सांगतात. वाढवतात डोंबल! सहा वर्षांची पोर स्टुलावर उभी राहून त्यांची भांडी घासते. दोन-तीन वर्षांत ते कुटुंब गाव बदलतं, पोरीला नवं नाव पडतं, आणि आईकडे पत्ता म्हणून काही उरत नाही. मग तीस-चाळीस वर्षांनी आई शोधत येते, नाहीतर पोर येते. पोर कसली, तोवर तिचे केस पिकलेले असतात. आई काय सांगते ते आम्ही टाइप करायचं, पोर काय सांगते तेही टाइप करायचं. गावाचं नाव आठवत नसेल तर मातीचा रंग, कुत्र्याचं नाव, पाठीवरचा डाग. दोन्हीकडचं जुळलं तर जुळलं. दहा हजारांवर अर्ज होते आणि जुळले होते दोनशे सहा.

हे सगळे अर्ज ज्या मोठ्या मशीनमध्ये राहायचे ते मशीन एलादियोच्या ताब्यात. आम्हा टाइप करणाऱ्या चौघींना रंगीत फॉर्म आणि बटणं. त्याच्याकडे नुसती काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं. माऊसला तो हात लावायचा नाही. एक शब्द टाइप केला की नवा डेटाबेस उभा राहायचा, दुसऱ्या शब्दाने तो पडायचा. एकाने सगळ्या नोंदींचा गठ्ठा बांधून बॅकअपची फाइल व्हायची, एकाने तो गठ्ठा सोडून पुन्हा जिथल्या तिथे मांडला जायचा. एकाने झाडू फिरायचा, आम्ही खोडलेल्या ओळींची जागा मोकळी व्हायची. मी कधी कधी त्याच्या मागे उभी राहून बघायची. भराभरा टाइप करून एन्टर मारायचा आणि मशीन मुकाट्याने ऐकायचं.

“आमचं बटण निदान विचारतं, नक्की पुसू ना म्हणून,” मी एकदा म्हटलं. “तुझं हे काहीच विचारत नाही?”

“विचारायला लावता येतं. शब्दापुढे एक अक्षर जास्त जोडायचं.”

“मग जोड की बाबा!”

“मी काय लहान आहे?” तो हसला. “आणि आत कुणी काम करत बसलं असेल ना, तर पाडायचा शब्द डेटाबेस पाडतच नाही. आत माणसं आहेत म्हणून परत येतो. तुम्ही चौघी दिवसभर आत बसलेल्या असता, मला कसली भीती?”

तो आमच्याकडे का आला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. राजधानीत, आसुन्सिओनमध्ये, एका सहकारी संस्थेत चांगला होता, थंडगार खोलीत बसायचा. ते सोडून इथे आला, कारण त्याची बहीण निमिया. काआसापाजवळच्या एका खेड्यातून तिला नेलं तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि हा आठ. हिरव्या गाडीतून एक बाई आली आणि पोरीला घेऊन गेली. दोन वर्षं नाताळला चिठ्ठी आली, मग तीही बंद. आई छातीच्या दुखण्याने गेली. त्याने बाकी काही केलं नाही असं म्हटलं तरी चालेल. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. आमच्याकडे जागा निघाली तसा आला आणि पहिल्याच दिवशी स्वतःचा अर्ज स्वतः भरला.

रोज सकाळी सातला, आम्ही यायच्या आधी, तो मोठ्या मशीनला एकच प्रश्न विचारायचा. काल आलेल्या बायकांमध्ये पस्तीस ते अडतीस वयाची, लाल मातीच्या गावची, एक मोठा भाऊ असलेली कुणी आहे का? मशीन कधी म्हणायचं शून्य, कधी म्हणायचं दोन. दोन असल्या तर तो उघडून वाचायचा आणि बंद करायचा. सहा वर्षं रोज. मी लवकर आले तर त्याच्या पाठीवरूनच मला कळायचं, आजही नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, तिला आम्ही राखीव खूण म्हणायचो. शोधणारी माणसं फार आसुसलेली असतात हो. कशालाही हो म्हणतात. पहिल्याच वर्षी एक बाई एका म्हातारीकडे चार महिने मुलगी म्हणून राहिली आणि मग रक्ताच्या तपासणीत निघालं की ती मुलगीच नव्हे. म्हातारीने अंथरूण धरलं. तेव्हा आमच्या प्रमुख न्या देओलिंदा, तीस वर्षं शाळा चालवलेली बाई, त्यांनी नियम केला. घरच्यांनी एक खूण बाहेर कुणालाही न सांगता राखून ठेवायची. ती फक्त एलादियो बघणार, टाइप करणाऱ्यांना दिसणार नाही. पोरीने सांगितलेलं मात्र सगळं टाइप करायचं. तिच्या बोलण्यात ती खूण आपसूक आली तरच खरं. त्यामुळे झालं काय, आम्ही काय टाइप करतोय ते कुणाचं आहे हे आम्हाला कधीच कळायचं नाही. एलादियोची स्वतःची राखीव खूण काय होती ते एकट्या त्यालाच माहीत.

आणि माणूस सावध किती! रोज रात्री बॅकअप आपोआप व्हायचा, पण त्याचा त्यावर विश्वास नव्हता. “गठ्ठा बांधलेला आहे म्हणजे आत काही आहे असं नाही,” म्हणायचा. म्हणून दर शुक्रवारी तो सरावाच्या छोट्या मशीनवरचा जुना डेटाबेस पाडायचा आणि रात्रीचा गठ्ठा तिथे सोडून मांडून बघायचा, सगळ्या ओळी आल्या का. दोन्ही मशीनवर डेटाबेसचं नाव एकच ठेवलेलं. सराव म्हणजे हुबेहूब खऱ्यासारखा हवा, हा त्याचाच हट्ट.

दहाच्या तेरेरेचा, आमच्या गार चहाचा, नियमही त्याचाच. दहा वाजले की आमच्याकडे काम थांबतं. मागच्या अंगणात आंब्याखाली वर्तुळ करून बसायचं, बर्फाचं पाणी, कुटलेली पानं, शिंगाचा एकच पेला, ग्वाम्पा, आणि एकच नळी हातोहात फिरते. पूर्वी आम्ही फॉर्म अर्धा टाइप करून तसाच उघडा टाकून जायचो. मग वीज जायची आणि तो अर्धा अर्ज अडकून बसायचा. एलादियो एकदा भडकला. “उठताना प्रोग्रॅम बंद! चौघींनी! पाणी काय पळून जातंय?” तेव्हापासून दहाच्या ठोक्याला आम्ही चौघी आपापला प्रोग्रॅम बंद करून, हात झटकून बाहेर. शाळेतल्या मुलीसुद्धा इतक्या शिस्तीत उठत नसतील.

तो फेब्रुवारीतला शुक्रवार होता. सकाळी सातला त्याने काळ्या खिडकीला सांगून ठेवलं की आता जे बोलेन ते मोठ्या मशीनशी. नेहमीचा प्रश्न विचारला. उत्तर शून्य. एरवी तो ती खिडकी तिथल्या तिथे बंद करायचा. पण तेवढ्यात पलीकडून न्या देओलिंदांनी हाक मारली, प्रिंटरने कागद गिळला होता. त्या हाक मारतात तेव्हा माणूस उठतोच. तो गेला, प्रिंटरचं पोट उघडलं, हात काळे करून तासाभराने परत आला आणि खिडकी उघडी राहिलीय हे त्याच्या डोक्यातून गेलं.

साडेआठला मला ब्वेनोस आयरेसहून एका बाईचा फोन आला. अर्ज फोनवरूनच घेतला, थेट टाइप केला. दहाला आम्ही सगळे अंगणात. एलादियोही आला. ग्वाम्पा दोनदा त्याच्या हातात आला, तिसऱ्या वेळेला त्याने ‘आभार’ म्हटलं, म्हणजे आता मला नको. “बसा तुम्ही,” म्हणाला. “सगळं शांत आहे तोवर शुक्रवारचा सराव उरकून घेतो.”

“बस रे जरा! मशीन काय तुझी बायको आहे?” मी म्हटलं. सगळ्या हसल्या. तो गेला.

आत जाऊन त्याने समोरच्या उघड्या खिडकीत पाडायचा शब्द टाइप केला. डेटाबेसचं नाव दोन्हीकडे तेच. कुठल्या मशीनवर ते त्याने सांगितलं नाही, कारण नवी खिडकी न सांगता सरावाच्या मशीनशीच बोलते. पण ही खिडकी सकाळची होती, त्यामुळे तो शब्द सकाळी सातला सांगितलेल्या ठिकाणी गेला. दिवसभरात दुसऱ्या कुठल्याही वेळी मारला असता तर ‘आत माणसं आहेत’ म्हणून परत आला असता. पण आम्ही चौघी आंब्याखाली बसून खिदळत होतो, आणि चौघींनी प्रोग्रॅम बंद केलेले होते, त्याने शिकवल्याप्रमाणे.

तो दारात आला तेव्हा त्याच्या तोंडाला रंगच नव्हता. मला वाटलं ऊन लागलं. “कुणीही आत काही उघडू नका,” एवढंच बोलला. न्या देओलिंदा उठल्या. “काय झालं?”

“मी पाडलं. मोठं.”

“सगळं?”

“सगळं.”

दहा हजार माणसं, त्यांच्या आया, त्यांची कुत्री, त्यांचे डाग. न्या देओलिंदांनी छातीवर क्रूस काढला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

पण बॅकअप होता ना! रात्रीचा गठ्ठा जागेवर होता, आणि एलादियोने आधीच्या तीनशे शुक्रवारी जे केलं तेच केलं. नवा डेटाबेस उभारला, गठ्ठा सोडला. आम्ही चौघी त्याच्या मागे उभ्या. चाळीस मिनिटांनी त्याने ओळी मोजल्या. कालपर्यंतच्या सगळ्या होत्या, एक कमी नाही. माझा जीव भांड्यात पडला. न्या देओलिंदांनी विचारलं, “मग गेलं काय?”

“आज सकाळचं. अकरा अर्ज.”

“अकरा! देवा, मला वाटलं तू आता माझी प्रेतयात्राच काढतोस,” म्हणाल्या आणि चिपा आणायला माणूस पाठवला. आमच्यातली एक म्हणाली, “इंजिनिअर, आज झाडू जरा जोरात फिरला.” सगळ्या हसल्या, मीही हसले. तो हसला नाही. शर्ट पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, “अरे, अकराच तर आहेत. जेवणाआधी पुन्हा टाइप करून टाकू.”

नऊ अर्ज कागदावर होते, ते पोरींनी अर्ध्या तासात पुन्हा घातले. दहावा काआसापातल्या एका दुकानदार बाईचा, तिला फोन करून पुन्हा विचारून घेतला. अकरावा माझा, साडेआठचा. त्याचा कागद नव्हता. फोनवरचं आधी वहीत लिहायची माझी सवय एलादियोनेच मोडली होती, दोनदा लिहिण्यात चुका होतात म्हणून.

“आठवेल तेवढं सांगा, न्या आब्दोना,” तो म्हणाला. “मी टाइप करतो.”

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. “बाई ब्वेनोस आयरेसची. फोनच्या दुकानातून बोलत होती. एका घरात राहून कामाला आहे. नाव म्हणाली ग्रासिएला, पण ते त्या लोकांनी ठेवलेलं, खरं आठवत नाही.”

“वय?”

“छत्तीस असेन म्हणाली, नक्की माहीत नाही.”

त्याने टाइप केलं. असल्या वयाच्या हजार बायका आहेत आमच्याकडे, त्याचं काही वाटलं नाही त्याला. “माती?”

“लाल. आई खोकायची. एक मोठा भाऊ.”

“पुढे.”

“गाडीने नेलं. गाडीचा रंग मी विचारला, तर म्हणाली बाहेरून बघितलीच नाही, रडत होते. आत बसायला तयार नव्हती. मग, हां, हे सांगताना हसत होती बघ. म्हणाली, भावाने मला फसवलं. गाडी देवळाला एक चक्कर मारून परत येईल म्हणाला. म्हणून मी बसले. देवळाचं वळण कधी येतं ते मी कितीतरी वेळ बघत होते.”

की-बोर्डचा आवाज थांबला. मला वाटलं मी फार भरभर बोलतेय. मी वळून बघितलं. तो पडद्याकडे बघत होता आणि त्याचे दोन्ही हात हवेतच होते.

“काय रे?”

“नंबर,” तो म्हणाला. “नंबर काय दिला तिने?”

“अरे, पण झालं काय?”

“मीच बसवलं तिला त्या गाडीत,” तो म्हणाला. “आई तिला धरून ओढत होती, ती दाराला पाय लावून उभी. मी म्हटलं बस गं, देवळाला चक्कर मारून येईल. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. नंबर सांगा, न्या आब्दोना.”

नंबर मी घेतला होता. तिच्या मालकिणीच्या घरचा, दोनदा वदवून घेतला होता. पण मी टाइप करते हो, वाचत नाही! पंचवीस वर्षं टाइप करतेय, कानातून बोटांत जातं, मध्ये डोकं नसतंच. शून्य अकरा, मग चार, मग सात होता की एक? मी डोळे मिटले, कपाळ बडवलं, नाही आठवलं. न्या देओलिंदा म्हणाल्या, तिला जरा एकटं सोडा. एलादियो म्हणाला, “तुम्ही सकाळसारख्याच बसा.” मला माझ्या खुर्चीत बसवलं, फोन कानाला लावायला दिला, रिकामा फॉर्म उघडून दिला. “बोटांना माहीत असेल. डोळे मिटा आणि टाइप करा.”

मी टाइप केलं. पुन्हा केलं. दर वेळेला वेगळा नंबर यायचा. दुपारपर्यंत मी सतरा नंबर टाइप केले आणि त्याने सतराही लावले. एक औषधाचं दुकान निघालं, एक बहिरा म्हातारा निघाला, दोन शाळा, बाकीचे अस्तित्वातच नव्हते. प्रत्येक वेळी तो विचारायचा, तुमच्याकडे ग्रासिएला नावाची कामाला आहे का? पारागुआइची? एका घरात होती ग्रासिएला. एकोणीस वर्षांची निघाली. तेव्हा मी रडायला लागले आणि तो म्हणाला, “रडू नका, नंबर पुसला जाईल.” इतकं वेड्यासारखं बोलला, पण मी खरंच थांबले.

मग जे जे करता येईल ते केलं. मशीनची डिस्क काढून आसुन्सिओनला अशा कामातल्या एका जाणकाराकडे नेली. त्याने पहिला प्रश्न विचारला, पाडल्यानंतर या डिस्कवर काही लिहिलंत का? लिहिलं होतं तर. आम्हाला घाई, चौघी मागे उभ्या, त्याच डिस्कवर सगळा गठ्ठा सोडला होता. आठवड्याने त्याचा फोन आला. “साहेब, तुम्ही त्याच जागेवर नवं घर बांधलंत. खाली आता काही राहिलेलं नाही.” टेलिफोनवाले म्हणाले, परदेशातून आलेला नंबर आमच्याकडे उमटत नाही. एलादियो स्वतः ब्वेनोस आयरेसला जाऊन आला, अठरा दिवस दारोदार फिरला. त्या शहरात आमच्या किती बायका कामाला आहेत, देवालाच ठाऊक.

शेवटी तिथल्या आमच्या लोकांच्या रेडिओवर रविवारी निरोप दिला. एक भाऊ बहिणीला शोधतोय, लाल मातीचं गाव, खोकणारी आई. एक्केचाळीस बायकांनी फोन केले. एलादियो सगळ्यांना एकच विचारायचा, गाडीत बसताना भाऊ काय म्हणाला होता? एक म्हणाली, घोड्यावरून येईन म्हणाला. एक म्हणाली, रविवारी भेटू म्हणाला. एक नुसतीच रडली. आणि एक होती, तिने तीनदा चुकीचं सांगितलं, मग म्हणाली, “काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा ना, मी तेच म्हणेन. फक्त मला तुमची म्हणा.” फोन ठेवल्यावर तो अंगणात गेला आणि आंब्याच्या बुंध्यावर हात आपटत राहिला. आम्ही दारातून बघत होतो, कुणाची जवळ जायची हिंमत झाली नाही. निमियाचा फोन त्यात नव्हता. ज्या घरात राहून काम करते तिथे रेडिओ लावायची मुभा नसेल, दुसरं काय.

एकदा त्याने मला हिशोब सांगितला. रोज सातला तो जो प्रश्न विचारायचा, त्याला तिची ओळ दुसऱ्या दिवशी सापडली असती. शनिवारी, सकाळी सातला. “पस्तीस ते अडतीस, लाल माती, मोठा भाऊ. सगळं बसत होतं,” म्हणाला. “साडेआठला आली, दहाला मी घालवली. दीड तास होती ती माझ्याजवळ.” मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चाळिशीला आलेला माणूस, लहान मुलासारखा बसून राहिला.

याला आता तीन वर्षं होतील. न्या देओलिंदांनी त्याला काढलं नाही. तोच रोज म्हणायचा मला काढा. अजून मशीन तोच सांभाळतो. आता पाडायच्या शब्दाला ते जास्तीचं अक्षर जोडतो, मशीनचं नाव कागदावर लिहून समोर ठेवतो, दर तासाला गठ्ठा बांधतो. गालफडं बसली. चेष्टा बंद. आम्ही त्याला इंजिनिअर म्हणणं सोडलं, तेव्हा तर जास्तच वाईट वाटलं.

पण सकाळी आठला तो माझ्या टेबलाशी येतो आणि फोनशेजारी खुर्ची टाकून बसतो. साडेनऊपर्यंत तिथून हलत नाही. फोन वाजला की आधी तो उचलतो. मला म्हणतो, “न्या आब्दोना, ती करेल पुन्हा. आपला फोन आला नाही म्हटल्यावर माणूस काय करेल? स्वतःच करेल ना? एवढ्या वर्षांनी नंबर शोधून फोन केला, ती काय एका फोनवर थांबणार आहे?” आणि माझ्याकडे बघतो. मी म्हणते, “करेल रे, करेल की.”

मी स्वतः अशाच एका घरात वाढले. आमच्यासारख्या बायकांना एकदा सांगितलं की पुरतं, पुन्हा सांगावं लागत नाही. उलट विचारायची सवयच लावलेली नसते.

अर्ज पुरा झाला की आम्ही प्रत्येकीला एक वाक्य सांगतो. न्या देओलिंदांनीच ते ठरवलेलं, लोकांनी जन्मभर फोनपाशी बसून राहू नये म्हणून, चांगल्या मनाने. त्या शुक्रवारीही मी नंबर टाइप करून घेतला आणि नेहमीसारखं घडाघडा म्हणून टाकलं: “बाई, तुम्ही आता फोन करू नका, आम्हीच करू. सहा महिन्यांत आमचा फोन आला नाही तर समजा, घरून तुम्हाला कुणी शोधत नाही.”

ती म्हणाली, “बरं. नाही करणार.”

हे मी एलादियोला अजून सांगितलेलं नाही.